मामा तलावातील टिलापिया: तळावर खड्डे आणि तोंडात अंडी, हा मासा नेमका जगतो कसा?

तलावकाठ (साकोली तालुका, भंडारा) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. आमच्या गावाचा मामा तलाव (माजी मालगुजारी तलाव, म्हणजे मालगुजारांच्या काळातील जुना गावतलाव) आमच्या मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेकडे ठेक्याने आहे. दर पावसाळ्यात आम्ही रोहू, कतला आणि मृगळ यांची बोटुकली (बोटभर लांबीची पिल्ले) विकत आणून सोडतो आणि हिवाळ्यापासून मासेमारी सुरू करतो. गेल्या काही हंगामांत मात्र जाळ्यात टिलापियाच अधिक येऊ लागला असून त्यातला बहुतेक वीतभरही नसतो. एवढ्याशा माशाला बाजारात भाव मिळत नाही आणि बोटुकलीवर केलेला खर्चही निघत नाही. संस्थेने टिलापियाचे बीज कधीच सोडलेले नाही. वरच्या अंगाला असलेल्या तलावातून तो पुराच्या पाण्याबरोबर उतरला असावा, असा आमचा तर्क आहे. मध्यंतरी तलावातील गाळ यंत्राने काढण्यात आला, त्याबरोबर काठाची बेशरम गेली आणि पाण्यातील वनस्पतीही गेल्या. टिलापिया वाढला तो त्यानंतरच.

दोन गोष्टी आम्ही प्रत्यक्ष पाहिल्या आहेत आणि त्यांचा अर्थ जाणकारांकडून समजून घ्यावा, म्हणून हा प्रश्न विचारत आहे. एप्रिल-मे महिन्यांत पाणी ओसरले की उथळ भागात तळावर परातीएवढे गोल खड्डे एकमेकांना लागून दिसतात आणि प्रत्येक खड्ड्यावर एकेक काळाकुट्ट मासा, ज्याचा गळ्याखालचा भाग पांढरा असतो, जागा न सोडता उभा असतो. दुसरा मासा जवळ आला की तो त्याच्यावर धावून जातो. दुसरी गोष्ट अशी की, जाळ्यातून मासे सोडवताना काही टिलापियांच्या तोंडातून पिवळसर दाणे बाहेर पडतात. गावातील जुनी ढिवर (परंपरेने मासेमारी करणारी) मंडळी म्हणतात की हा मासा रोहूची अंडी खातो आणि म्हणूनच रोहू कमी झाला. हे खरे आहे काय? आफ्रिकेत या माशाचे मूळ घर कसे आहे, तेथेही तो असाच माजतो काय आणि आमच्या तलावात त्याला आवरायचे कसे, यावर सविस्तर मार्गदर्शन मिळावे.

धानबोडी (गोंदिया जिल्हा) यांचे उत्तर

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो आणि सुट्टीच्या काळात आमच्या भागातील तलाव व बोड्या (शेतातील लहान तळी) पाहत असतो. आपण केलेले वर्णन इतके नेमके आहे की त्यावरून हा मोझांबिक टिलापिया, म्हणजेच ओरिओक्रोमिस मोझांबिकस, असावा असे म्हणण्यास हरकत नाही. भीमेवरच्या उजनी जलाशयात ज्याला चिलापी म्हणतात, तो याच गोतावळ्यातला. विल्हेल्म पीटर्स या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने मोझांबिकमधून आणलेल्या नमुन्यांवरून 1852 साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. तो सिक्लिड कुळातील आहे. हातात मासा असेल तर या कुळाची ओळख पटवणे सोपे असते: रोहूच्या मुस्कटावर प्रत्येक बाजूला दोन नासाछिद्रे दिसतात, टिलापियाला प्रत्येक बाजूला एकच असते, आणि अंगावरून शेपटीकडे जाणारी जी बारीक रेघ रोहूच्या अंगावर सलग असते, ती टिलापियाच्या अंगावर मध्येच तुटून खालच्या पातळीवर पुन्हा सुरू होते.

आता त्या पिवळ्या दाण्यांविषयी. ती रोहूची अंडी नव्हेत. रोहू, कतला आणि मृगळ साचलेल्या तलावात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातील पुराचे वाहते पाणी लागते, आणि म्हणूनच आपल्याला दरवर्षी बोटुकली विकत आणावी लागते. आपण पाहिलेली अंडी त्या टिलापियाची स्वतःचीच होती आणि तो मासा मादी होता. टिलापिया संधी मिळाल्यास इतर माशांची अंडी व पिल्ले खातो, हे खरे आहे, त्यामुळे जुन्या मंडळींचा राग अगदीच निराधार नाही. पण एप्रिल-मे महिन्यांत माशाच्या तोंडात अखंड पिवळी अंडी दिसली, तर ते खाणे नसून संगोपन असते.

हा सगळा प्रकार असा चालतो. पाणी साधारण 20 अंशांच्या वर गेले की नर उथळ जागी येतात आणि मऊ, उघड्या तळावर तोंडाने माती उचलून बाजूला टाकत खड्डा कोरतात. अनेक नर एकाच ठिकाणी शेजारी शेजारी खड्डे करतात. विणीच्या काळात नराचे अंग काळे होते, गळा व डोक्याचा खालचा भाग पांढरा पडतो आणि पाठीवरच्या व शेपटीच्या परांची कड लाल होते. मोठ्या नराचा वरचा जबडा वाढून कपाळ खोलगट दिसू लागते. सर्वांत विलक्षण बाब म्हणजे वरचढ नर मूत्र साठवून ठेवतो आणि मादी किंवा प्रतिस्पर्धी नर समोर आला की ते थोडे थोडे सोडतो. त्यातील द्रव्यांवरून मादीला नराचा दर्जा कळतो आणि तिचे शरीर अंडी देण्यास सिद्ध होते. गढूळ पाण्यात जेथे रंग नीट दिसत नाही, तेथे हा गंधाचा संदेश किती उपयोगी पडत असेल, याचा विचार केला की मला या माशाविषयी मनापासून आदर वाटतो.

मादी खड्ड्यात अंडी घालते आणि लगेच वळून ती तोंडात घेते. फलन तेथेच, नराच्या सान्निध्यात होते. त्यानंतर नराचा संबंध संपतो. तो खड्डा राखत दुसऱ्या मादीची वाट पाहतो. मादी मात्र अंडी घेऊन शांत जागी जाते आणि तोंड सतत हलवत राहते, ज्यामुळे अंडी आतल्या आत फिरतात, त्यांना ताजे पाणी मिळते आणि त्यांवर बुरशी धरत नाही. तीन ते पाच दिवसांत पिल्ले बाहेर येतात, पण पोटावरचा पिवळा बलक संपेपर्यंत ती तोंडातच राहतात. सुमारे दोन आठवड्यांनी मादी त्यांना बाहेर सोडते आणि पुढेही काही दिवस धोका दिसताच ती पिल्ले धावत येऊन तिच्या तोंडात शिरतात. या सगळ्या काळात मादी जवळजवळ उपाशी असते, म्हणूनच एकाच वयाचा नर मोठा आणि मादी लहान दिसते.

रोहूची मादी वजनाच्या किलोमागे दोन लाखांहून अधिक अंडी देते; टिलापियाची लहान मादी एका वेळी काहीशेच देते. संख्येच्या हिशोबात टिलापिया कुठेच बसत नाही. त्याचे सामर्थ्य आहे ते आईच्या तोंडात, कारण ज्या वयात इतर माशांची पिल्ले लाखोंनी मरतात, त्या वयात ही पिल्ले सुरक्षित असतात. शिवाय पाणी उबदार असेल तर महिना-दीड महिन्यात मादी पुन्हा तयार होते. आपल्या तलावात हा मासा कसा आला असेल, याचेही उत्तर यातच आहे. पुराबरोबर वरच्या तलावातून तोंडात पिल्ले असलेली एखादी मादी खाली उतरली, तरी तिच्यासोबत पूर्ण वीण येते.

मूळ घराविषयी. हा मासा संपूर्ण आफ्रिकेचा नाही. झांबेझी नदीच्या खालच्या खोऱ्यापासून दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतातील बुशमन्स नदीपर्यंत, हिंदी महासागराला मिळणाऱ्या नद्यांचा सखल भाग, एवढाच त्याचा मुलूख. वेगाने वाहणारे पाणी तो टाळतो. संथ डोह, पुराच्या मैदानातील साचलेली पाणथळे, खाड्या आणि वाळूच्या बांधाने समुद्रापासून तुटलेली सरोवरे ही त्याची जागा. दक्षिण आफ्रिकेतील सेंट ल्युशिया सरोवरात दुष्काळात पाणी आटून क्षारता समुद्राच्या तिप्पट होते, तरीही हा मासा तेथे टिकून राहतो. ज्या प्रदेशात डोह केव्हा आटेल याचा नेम नाही, तेथे मोठे होण्याची वाट पाहणे परवडत नाही. म्हणून पाणी कमी आणि गर्दी जास्त झाली की हा मासा आठ-नऊ सेंटिमीटरचा असतानाच अंडी देऊ लागतो आणि वाढीवर खर्च व्हायची शक्ती विणीवर खर्च करतो. आपल्या जाळ्यात येणारा वीतभरही नसलेला टिलापिया हे पिल्लू नसून पूर्ण प्रौढ मासा आहे, आणि त्याला आणखी एक वर्ष ठेवले तरी तो फारसा वाढणार नाही.

तेथे तो माजतो काय, हा आपला प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. झांबेझीत टायगर फिश आहे, मोठा आफ्रिकन मागूर आहे, मगर आहे, मत्स्यगरुड आणि खंड्या आहेत. दरवर्षीचा पूर डोह धुऊन काढतो. या सर्वांच्या तोंडून जे उरते, तेवढेच टिलापिया तेथे असतात. दुःखाची गोष्ट अशी की, जगभर उपद्रवी ठरलेला हा मासा स्वतःच्या घरी संकटात आहे. लिंपोपोसारख्या नद्यांत मत्स्यपालनासाठी आणलेला नाईल टिलापिया सुटला आणि त्याच्याशी संकर होऊन मूळ वंश पुसला जाऊ लागला, त्यामुळे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याची नोंद आज असुरक्षित प्रजातींत केली आहे.

शेतकरीपुत्र (ब्रह्मपुरी तालुका, चंद्रपूर) यांचे उत्तर

तलावकाठ भाऊ, आमच्या बोडीत हाच त्रास होता. उन्हाळ्यात पाणी कमी असताना बोडी पूर्ण उपसून ब्लिचिंग पावडर टाकावी आणि नंतर थाई मागूर सोडावा. तो उरलेले सर्व टिलापिया खाऊन टाकतो आणि स्वतःही लवकर वाढतो, असे आम्हाला बीज विकणाऱ्याने सांगितले आहे. आम्ही अजून तसे केलेले नाही, पण येत्या उन्हाळ्यात करण्याचा विचार आहे.

वैनगंगेची लेक (पवनी तालुका, भंडारा) यांचे उत्तर

शेतकरीपुत्र भाऊ, कृपा करून असे करू नका. मी ढिवर कुटुंबातील असून नागपूरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात शिकले आहे, त्यामुळे या विषयाच्या दोन्ही बाजू मी जवळून पाहिल्या आहेत. थाई मागूर म्हणून जो विकला जातो, तो वर धानबोडी सरांनी उल्लेख केलेला आफ्रिकन मागूरच आहे. भारतात 2000 सालापासून त्याच्या पालनावर बंदी आहे आणि ती योग्यच आहे, कारण तो टिलापियापुरता थांबत नाही. आपला देशी मागूर, शिंगी, मरळ, बेडूक, जे सापडेल ते तो खातो. पावसाळ्यात तो ओल्या जमिनीवरून सरपटत एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जातो, म्हणजे आपल्या बोडीत सोडलेला मासा शेजारच्या धानाच्या बांधीत पोहोचणारच. एक आफ्रिकन मासा आवरण्यासाठी त्याहून घातक दुसरा आणण्यात शहाणपण नाही.

ब्लिचिंग पावडरचेही तसेच आहे. एखाद्या आटोपशीर बोडीत ती उपयोगी पडते, परंतु कित्येक एकरांच्या मामा तलावात तळाच्या खोलगट भागात पाणी राहतेच. चिखलात दडून उन्हाळा काढणारा मरळ तिने मरतो, आणि टिलापिया मात्र वरच्या तलावातून पुढच्या पुराबरोबर पुन्हा येतो. म्हणजे शत्रू परततो आणि राखणदार गेलेला असतो.

माझे म्हणणे असे आहे की, आपल्या तलावात टिलापिया जिंकला तो स्वतःच्या बळावर जेवढा, तेवढाच आपण त्याच्यासाठी तळ मोकळा करून दिल्यामुळे. यंत्राने सगळीकडे सारखा खरवडलेला, वनस्पती नसलेला, उथळ आणि मऊ तळ म्हणजे नराला खड्डे करण्यासाठी हवी तशीच जागा. याउलट मरळ पाणवनस्पतींच्या दाटीत घरटे करतो, त्याची अंडी तेथेच पाण्यावर तरंगतात आणि आईबाप ती राखतात. वनस्पती गेल्या की मरळाची वीण थांबते, आणि मरळ गेला की टिलापियाच्या पिल्लांना खाणारे कोणी उरत नाही. आग्नेय आशियात टिलापियाच्या तळ्यांमध्ये मरळ मुद्दाम सोडतात, ते याच कारणासाठी.

भंडारा-गोंदियातील काही गावांत ढिवर समाजाच्या महिलांनी तलावातील बेशरम उपटून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत, देवधानही (पाण्यात आपोआप उगवणारा रानभात) राखले आहे, आणि तेथे देशी मासे परतले आहेत. आपल्या संस्थेने संपूर्ण तलावाला हात न घालता, काठालगतचा एखादा पट्टा निवडून उन्हाळ्याच्या शेवटी ओल्या मातीत हायड्रिला आणि वॅलिस्नेरिया लावावे, पहिल्या वर्षी त्या पट्ट्यात गुरे व म्हशी उतरू देऊ नयेत आणि त्यातच मरळाची पिल्ले सोडावीत. रोहू-कतल्याची बोटुकली घेताना बोटभर मापावर समाधान मानू नये. पैसे अधिक गेले तरी वाढवलेली, वीतभराच्या आसपासची बोटुकली घ्यावी, कारण लहान बोटुकलीला टिलापियाच्या गर्दीत खाद्य मिळत नाही. पाणी येण्याच्या तोंडाशी बारीक जाळी लावली तर वरून उतरणारे मोठे टिलापिया बऱ्याच प्रमाणात अडतात. मात्र पुराच्या दिवसांत ती रोज साफ करावी लागेल, नाहीतर काडीकचऱ्याने तुंबून पाणी भलतीकडून फुटेल.

आणि एप्रिल-मे महिन्यांत ते खड्डे दिसू लागले की तीच मासेमारीची योग्य वेळ समजावी. नर खड्डा सोडून दूर जात नाही, त्यामुळे फेकजाळ्याने तो सहज सापडतो. तोंड फुगलेल्या माद्या जाळ्यात आल्यास त्यांच्या तोंडातील अंडी-पिल्ले पाण्यात सांडू न देता त्या काठावर दूर आणून टाकाव्यात. अशी पकड एकदा करून भागत नाही, उन्हाळाभर ठरावीक दिवसांनी करावी लागते. त्याने टिलापिया नाहीसा होणार नाही, पण गर्दी कमी झाल्यावर उरलेले मासे मोठे होतात आणि बाजारात चालतात.

एक गोष्ट मला आग्रहाने सांगायची आहे. टिलापियाला निव्वळ शत्रू मानू नये. आठवडी बाजारात रोहू घेण्याची ऐपत नसलेली घरे टिलापिया घेऊन जातात आणि तो टोपलीत घेऊन गावोगाव विकणाऱ्या बायांचा चरितार्थ त्यावर चालतो. त्याच्या पोटातील आम्ल इतके तीव्र असते की दुसऱ्या अनेक माशांना न पचणारे निळे-हिरवे शेवाळ तो पचवतो, आणि ज्या पाण्यातून दुसरे काही निघत नाही त्यातून तो माणसाच्या ताटात अन्न आणतो. म्हणून त्याला पकडत राहावे, खात राहावे आणि मरळासाठी जागा करावी.

तलावकाठ यांचा पुढील प्रश्न

धानबोडी सर आणि ताई, आपण दोघांनी जो वेळ दिला त्याबद्दल संस्थेच्या वतीने आभार मानतो. मरळासाठी पट्टा राखण्याचा विषय येत्या सभेत ठेवत आहे. एक शंका राहिली आहे. एक व्यापारी आम्हाला ‘गिफ्ट’ टिलापियाचे बीज देऊ करत आहे. हा टिलापिया मोठा होतो, तेव्हा नाहीतरी तलावात टिलापिया आहेच तर चांगल्या जातीचा का सोडू नये, असे त्याचे म्हणणे आहे. सभेत हा मुद्दा नक्की निघेल.

धानबोडी यांचे उत्तर

गिफ्ट हा नाईल टिलापियाचा निवड पद्धतीने सुधारलेला वाण आहे. फिलिपिन्समध्ये 1988 साली ते काम सुरू झाले आणि त्यासाठी आफ्रिकेतून आणलेले व आशियात आधीपासून पाळले जाणारे नाईल टिलापिया एकत्र केले गेले. तो वेगाने वाढतो, हे व्यापाऱ्याचे म्हणणे खरे आहे, परंतु ते परवाना घेऊन चालवलेल्या बंदिस्त शेततळ्यात, खाद्य देऊन, आणि बहुधा नरांचेच एकलिंगी बीज वापरून. मामा तलाव हे खुले पाणी आहे. त्याचा सांडवा नाल्याला, नाला नदीला आणि नदी वैनगंगेला मिळते. तेथे हे बीज सोडण्यास परवानगी मिळणार नाही आणि मिळाली तरी सोडू नये, कारण गिफ्ट आणि आपल्या तलावातील मोझांबिक टिलापिया यांचा संकर सहज होतो. लिंपोपोत जे घडले तेच येथे घडेल, आणि हाती येईल ती अधिक जोमदार पण तलावातून कधीही न हटणारी मिश्र पैदास. मोझांबिक टिलापिया 1952 साली भारतात आणला गेला, तेव्हाही स्वस्त प्रथिने हाच हेतू होता. अवघ्या 7 वर्षांत, 1959 साली, त्याच्या प्रसारावर बंदी घालण्याची वेळ आली, हे सभेत आवर्जून सांगावे.

सभेपूर्वी एक काम करून घ्यावे. जाळ्यात येणाऱ्या मोठ्या टिलापियांच्या शेपटीचा पर उलगडून पाहावा. त्यावर वरपासून खालपर्यंत ठळक उभ्या रेघा एकामागून एक, सारख्या अंतरावर असतील, तर तो नाईल टिलापिया किंवा त्याचा संकर समजावा. मोझांबिक टिलापियाच्या शेपटीवर अशा नियमित रेघा नसतात. काही मासे रेघांचे आणि काही बिनरेघांचे निघाले, तर वरच्या तलावात कोणीतरी गिफ्ट आधीच सोडले आहे असे समजून त्या गावाच्या संस्थेलाही सभेला बोलवावे, कारण जाळी आणि मरळ यांचे नियोजन मग दोन्ही तलावांसाठी एकत्रच करावे लागेल.